वाघाचं निमित्त

मार्गशीर्ष लागला तशा प्रेमिलाकडच्या बाया एकेक करून धानाच्या कापणीला निघून गेल्या. सांगून गेल्या, तोंड चुकवून नाही. बांधीत धान लोंबायला लागलं की लोकांच्या चादरी धुवत कोण बसणार? प्रेमिलानं त्यांना अडवलं नाही. स्वतःचं धान असतं तर तीही विळा घेऊन गेली असती. पण ती ढिवराच्या घरची. त्यांच्याकडं तलावातला वाटा होता, जाळं होतं, बांधी नव्हती. आणि आता हा धुलाईचा धंदा होता.

मोहर्लीच्या अलीकडं रस्त्याला लागून तिच्या नवऱ्याच्या, इस्तारीच्या बापाची मोकळी जागा होती. तिथं दोघा नवराबायकोंनी सिमेंटचं टाकं बांधलं, बोअर मारली, एक जुनं मोठं मशीन आणलं आणि पन्हळी पत्र्याच्या छपराखाली इस्त्रीचं टेबल टाकलं. मागं बांबूच्या खांबांना तारा ताणल्या. ताडोबा बघायला येणारे पाहुणे ज्या चादरींवर झोपत त्या सगळ्या इथं यायच्या. पाहुण्यांच्या टॉवेलात जंगलातली तांबडी धूळ असायची, ती सोड्यात रात्रभर भिजवल्याशिवाय सुटायची नाही. भोवती कुंपण आणि पुढं फाटक होतं ते गावच्या बकऱ्यांसाठी. बकरीला ओली चादर फार आवडते.

थंडीत पाहुणे वाढले आणि हात कमी झाले. सकाळी धुकं इतकं दाट की तारेवरच्या चादरी दुपारपर्यंत सर्द राहायच्या. प्रेमिलाच्या बोटांना सोड्यानं भेगा पडल्या. भाकरी करताना पीठ त्यात भरायचं आणि ती ओठ चावून भाकरी थापायची. तरी एक दिवस चादरी दमट गेल्याच.

इस्तारी ऑटोतून त्या चादरी एका मोठ्या रिसॉर्टवर पोचवायला गेला होता. मागच्या गेटला मॅनेजर स्वतः आला. जंगलात पाहुणे फिरवणारे जिप्सीवाले, गाईड, स्वयंपाकघरातले सगळे उभे असताना त्यानं गठ्ठ्यातली एक चादर ओढली.

"हे वाळलेलं आहे? गालाला लावून सांग."

इस्तारीनं चादर गालाला लावली.

"बोल."

"थोडी दमट आहे, साहेब."

"पाहुण्याला झोपवू यावर? माणसं नसतील तर गुणवंतरावकडून घे. आम्हालाही तोच देतो. नाहीतर काम सोड."

इस्तारीनं घरी येऊन एवढंच सांगितलं की गुणवंतराव नावाचा एक माणूस उद्या येईल. गालाची गोष्ट प्रेमिलाला एका जिप्सीवाल्याकडून कळली. त्या रात्री जेवताना तिनं नवऱ्याच्या ताटात मासा जास्त वाढला.

*

गुणवंतराव पांढऱ्या गाडीतून आला. माणूस बोलायला गोड. मागच्या सीटवरून त्यानं दोघींना उतरवलं. एकीच्या गळ्यात काळ्या मण्यांची गरसोळी, अंग बारीक, नजर खाली. ती रंजीता. दुसरी तिची नणंद नंदिनी, नुकतीच अठरा ओलांडलेली, वेणी घट्ट घातलेली.

"एटापल्लीकडच्या आहेत, बाई," गुणवंतराव म्हणाला. "गरीब, शांत. कामाले मागं पाहनार नाईत. राहनं इथीच, खानं तुमच्याकडे. पगार तेवढा माझ्या हाती देत जा, मी त्याईच्या घरी पोचवतो. तिकडं बँक कुठी आहे जवळ?"

"अन् सुट्टी?"

"घेत नाईत त्या. अन् एक गोष्ट, फाटकाच्या बाहेर सोडू नोका. वाघाची वस्ती आहे. नव्या मानसाले वाट समजत नाई. काई झालं तर माझ्या जिवाले घोर."

प्रेमिलाला ते पटलं. वाघ तर होताच. मागच्याच महिन्यात तलावाच्या पाळीवर पंजे उमटले होते. माणूस काळजीचा आहे, असं तिला वाटलं. तिनं सोड्याच्या पोत्यांची खोली रिकामी केली, खाली धानाचं तणस पसरलं, वर सतरंजी घातली, जुन्या दोन रजया दिल्या.

दोघी खरंच कामाच्या होत्या. प्रेमिला उठून चूल पेटवेपर्यंत टाक्यावर पाण्याचा आवाज सुरू झालेला असायचा. रंजीता चादर पिळायची तर थेंब राहायचा नाही. नंदिनी इस्त्री दोनच दिवसांत शिकली. गठ्ठे वेळेवर जाऊ लागले. दमट चादरींचं बोलणं थांबलं. कित्येक दिवसांनी प्रेमिला दुपारी पाठ टेकवून चहा पिऊ लागली. हाताच्या भेगांना तेल लावायला तिला वेळ मिळू लागला.

"बाई, पानी पिऊ का?" रंजीता विचारायची.

"अवो, पी ना! पानी प्याले का विचारतं?"

पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा विचारायची. मागं झुडपात जायचं असलं तरी विचारायची. प्रेमिलाला वाटलं, रीत चांगली आहे पोरींची. महिना भरला तेव्हा गुणवंतराव आला, पगार घेऊन गेला. प्रेमिलानं तो आनंदानंच दिला.

*

एक दिवस सकाळी चहापत्ती संपली. दुकान रस्त्याच्या पलीकडं, फाटकातून दिसत होतं. प्रेमिलाचे हात निळीत होते.

"रंजीता, जा वो, बुढ्याच्या दुकानातून पत्ती आन. माझं नाव सांग."

रंजीता पदराला हात पुसत फाटकापर्यंत गेली. कडी काढली. फाटक उघडलं. आणि उभी राहिली.

प्रेमिलानं दोन चादरी निळीतून काढून पिळल्या. मान वर केली तर रंजीता तिथंच. रस्त्यावर ऊन पडलेलं. शाळेची पोरं दप्तरं हलवत चाललेली. दुकानदार बुढा हातानं तिला बोलावत होता. रंजीताचा एक पाय उंबऱ्यावर ठेवावा तसा फाटकाच्या रेघेवर होता, दुसरा अजून आतच.

"अवो, का झालं? दिवसाढवळ्या वाघ नाई येत!" प्रेमिला हसून म्हणाली.

रंजीतानं फाटक लावलं, परत येऊन टाक्यापाशी बसली आणि चादर घासायला लागली. तिला मराठी समजायचं, पण बोलताना शब्द अडायचे. नंदिनी आश्रमशाळेत शिकलेली, ती इस्त्री उभी करून पुढं आली.

"वहिनी वाघाले नाई भेत, बाई. आमच्या गावाले वाघ नाईत का?"

"मंग?"

"गुणवंतभाऊनं सांगतलं आहे. फाटकाच्या बाहेर पाय ठेवला तर दादाचं काम जाईन."

"कोनता दादा?"

"माझा दादा. हिचा नवरा, कोलू. तो ट्रक धुते माजरीच्या रस्त्यावर. कोयशाचे ट्रक."

"इतक्या जवळ? मंग भेटाले काऊन नाई येत तो?"

नंदिनीनं खांदे वर केले. "त्याले सांगतलं असन, का बाहेर पाय ठेवला तर आमचं काम जाईन."

प्रेमिलाचे हात निळीतच राहिले.

"फोन लाव त्याले. माझ्या फोनवरून लाव."

"नंबर फोनमदे होता. फोन भाऊजवळ आहेत. आधार कार्डंही."

"पगार पोचला ना घरी?"

"कसं समजन, बाई?"

मग नंदिनीनं सगळं सांगितलं, इस्त्रीच्या टेबलाला टेकून, जणू दुसऱ्या कोणाची हकीकत सांगते अशी. आईच्या ऑपरेशनच्या वेळी गुणवंतभाऊनं पैशाची मदत केली होती. ती फिटेपर्यंत तिघांनी काम करायचं असं ठरलं होतं.

"कवापर्यंत फिटन?"

"भाऊ सांगन तवा."

रंजीता चादर घासतच होती. तिनं मान वर केली नाही. पण तिचा ब्रश एकाच जागी फिरत होता, आणि तिथं डाग कधीच निघून गेला होता.

*

त्या दिवशी प्रेमिलानं भाजी केली ती खारट झाली. संध्याकाळी इस्तारी ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसला होता. ती त्याच्या शेजारी बसली आणि एका दमात सगळं बोलली. तो गाठी मारत ऐकत राहिला.

"आपन त्याईले मारतो का?" तो म्हणाला. "उपाशी ठेवतो का? जे आपल्या ताटात, ते त्याईच्या."

"कोंबडीलेही आपन दाना घालतो."

"प्रेमिला, ते त्याईचं अन् गुणवंतरावचं आहे. आपल्याले काऊन पडाचं मधात? तुले माईत आहे ना, मॅनेजर अन् तो एकच आहेत. काम गेलं तर का करशीन?"

"त्याईले फाटकाच्या आत कोनं ठेवलं?"

"त्यानं."

"तो तर महिन्यातून एक डाव येते. रोज कोन ठेवते? वाघ वाघ करून मीच ठेवून राह्यली ना त्याईले! पानी प्याले विचारतेत त्या मले, अन् मले वाटे रीत आहे."

तलावाकडून बगळे परतत होते. टाक्यापाशी दोघी शेवटचे टॉवेल पिळत होत्या, त्यांचं आपसात हळू गोंडीत बोलणं चाललं होतं.

"तुमच्या गालाले चादर लावली, तवा तुमी काऊन बोलले नाई?" प्रेमिलानं विचारलं.

त्याचा हात थांबला. तिला ते माहीत आहे हे त्याला माहीत नव्हतं.

"काम जाईन म्हनून," तो म्हणाला.

"त्याही म्हनूनच गप आहेत."

इस्तारीनं गाठ घातली, दातानं दोरा तोडला, जाळं गुंडाळून खुंटीला लावलं. मग चपला शोधत म्हणाला, "उद्या ऑटोत डिझेल टाका लागन. माजरी जवळ नाई."

*

गावच्या पोलीस पाटील इंदुताई सकाळी अंगणात धान वाळत घालत होत्या. वयानं प्रेमिलापेक्षा थोड्याच मोठ्या, आवाज मात्र सगळ्या गावाला पुरेल असा. त्यांनी पायानं धान पसरत पसरत ऐकलं. ऐकता ऐकता पाय थांबला.

"हे मजुरी नाई, प्रेमिला. हे बांधून ठेवनं आहे. गुन्हा आहे हा."

"म्हनून तर तुमच्याकडे आली."

"पगार त्याच्या हाती कोनं देल्ला?"

"मीच देल्ला."

"मंग तेही जबाबात सांगा लागन. लपवशीन तर मी येत नाई."

तिला वाटलं होतं, इंदुताई पाठीवर हात ठेवतील. पण ती म्हणाली, "सांगीन."

इंदुताईंनी हात धुतले, पातळ बदललं आणि दोन-तीन फोन लावले. भद्रावतीहून एक जमादार त्यांच्यासोबत येईल असं ठरलं. ऑटोत पुढं इस्तारी, मागं चादरींच्या जागी चौघी. फाटकातून बाहेर पडताना रंजीतानं डोळे मिटले. ऑटो डांबरीला लागली तेव्हा उघडले, आणि मग ती सारखी बाहेर बघत राहिली. कापूस वेचणाऱ्या बाया, विटांच्या भट्ट्या, कोळशाच्या धुळीनं काळी पडलेली बोरीची झाडं. भद्रावतीच्या बस स्टँडवर जमादार मोटरसायकल घेऊन उभाच होता.

ट्रक धुवायची जागा रस्त्याच्या कडेला होती. दोन उंच ओटे, मध्ये खड्डा, खड्ड्यात काळं पाणी. मालक खुर्ची टाकून ऊन खात बसला होता. गळ्यात मफलर, हातात पेपर. जमादार बघून उठला.

"कोलू? हो, आहे ना. चांगला पोरगा आहे," तो म्हणाला. "पर तो गुणवंतरावचा मानूस आहे, साहेब. माझ्याशी त्याचा संबंध नाई. मी पगार गुणवंतरावले देतो. खाऊ-पिऊ घालतो. मारत नाई, उपाशी ठेवत नाई. तुमी इथच्या कोनालेही विचारा."

इस्तारीनं मान खाली घातली. प्रेमिलालाही त्या माणसाकडं बघवेना. तिला त्याचा राग येत होता आणि तो राग पुढं सरकत नव्हता. परवापर्यंत कोणी विचारलं असतं तर तिनंही हेच, असंच हात पसरून सांगितलं असतं.

कोलू ट्रकच्या मागच्या चाकांवर पाइपानं पाणी मारत होता. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, अंगावर काळे शिंतोडे, दात आणि डोळे तेवढे पांढरे. त्यानं ऑटोकडं पाहिलं आणि पुन्हा चाकाकडं वळला. ओळखलंच नाही. मग रंजीता ऑटोतून उतरली आणि तिनं हाक मारली. इतक्या दिवसांत प्रेमिलानं तिचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता. गोंडीत ती काय म्हणाली ते कोणाला कळलं नाही. कोलू सरळ झाला. पाइप त्याच्या हातातच होता, पाणी त्याच्याच बुटांवर पडत होतं. त्यानं मालकाकडं पाहिलं, जमादाराकडं पाहिलं, मग चालत जाऊन आधी नळ बंद केला. पाइप गुंडाळून खिळ्याला अडकवला. बूट काढून ओट्यावर जोडीनं ठेवले. आणि मग अनवाणी, चिखलातून, बायकोकडं धावत सुटला.

जवळ आल्यावर दोघंही थांबली. एवढ्या माणसांत काय करावं त्यांना सुचेना. रंजीतानं पदर ओला करून त्याचं तोंड पुसायला सुरुवात केली. काळं जाता जाईना. ती घासतच राहिली आणि तो मान पुढं करून उभा राहिला, लेकरासारखा. नंदिनी बाजूला उभी राहून हसत होती आणि नाक ओढत होती.

"चला, जबाब द्याचा आहे," इंदुताई म्हणाल्या, पण त्यांचाही आवाज नेहमीसारखा मोठा निघाला नाही.

ठाण्यात प्रेमिलानं आपलं सांगितलं. पगार कोणाला दिला, फाटक का लावलं, सगळं. लिहिणाऱ्या पोरानं मधेच मान वर करून तिच्याकडं पाहिलं, तेव्हा तिचे कान तापले. तरी तिनं खाली सही केली. बाहेर आल्यावर इस्तारीनं टपरीवरून सगळ्यांसाठी गरम भजी आणली. कोलूनं किती खाल्ली ते कोणी मोजलं नाही. टपरीवाल्यानं दुसरा घाणा घातला. त्या रात्री तिघंही प्रेमिलाकडंच राहिली.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी गुणवंतराव आला. गाडीतून उतरला तो हसतच.

"बाई, हे का केलं? मी तुमच्या भल्यासाठी मानसं देल्ली. मले एक फोन कराचा होता."

"या, बसा," प्रेमिला म्हणाली.

बसायला जागा नव्हती. तारांवर, टेबलावर, खाटेवर चादरीच चादरी. सकाळपासून तिथंच असलेल्या इंदुताईंनी एक टब उलटा केला आणि पुढं सरकवला. गुणवंतराव इकडं तिकडं बघून त्यावर बसला. बांधीवरून जेवायच्या सुट्टीला आलेल्या बाया फाटकातून आत आल्या, कमरेला विळे, डोक्याला फडकी. कोणी बोलावलं नव्हतं. पण गावात बातमीला पाय असतात.

"कार्डं अन् फोन कुठी आहेत?" इंदुताईंनी विचारलं.

"घरी. चंद्रपूरले."

"मंग आना."

"अवो, इतक्या दुरून... दोन-चार दिवसांत पाठवतो."

"तुमचा ड्रायवर आहे ना? त्याले पाठवा. तुमी बसा. ठानेदार साहेबाईलेही तुमाले भेटाचं आहे, चार वाजेपर्यंत येतो म्हने."

गुणवंतराव उठायला गेला. उठल्यावर जायचं कुठून, ते त्याला दिसलं नाही. वाटेत बाया बसल्या होत्या, डबे उघडून. त्यांनी वाट अडवली असं म्हणता आलं नसतं, जेवतच होत्या त्या. त्यानं ड्रायव्हरला पाठवलं.

मग तो टबावर बसून राहिला. दुपार सरकत गेली. वारं आलं की ओल्या चादरीचं टोक येऊन त्याच्या मानेला लागायचं आणि तो दचकायचा. प्रेमिलानं त्याला चहा दिला. एकदा त्यानं हळू आवाजात विचारलं, "बाई, मॅनेजर साहेबाले माईत आहे का हे?"

"तुमीच सांगा त्याईले," ती म्हणाली.

"काम जाईन तुमचं."

"जाईन तर जाईन."

आणि ती पुढची चादर झटकून तारेवर टाकायला वळली.

ड्रायव्हर परत आला. कार्डं, फोन, एका थैलीत. कोलूनं आपलं कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि फोटोकडं बघून मोठ्यानं हसला. त्यात त्याला मिशी नव्हती. ठाणेदार आले, गुणवंतरावला घेऊन गेले. पुढं केस झाली, ती अजून चालू आहे. तारखांना प्रेमिला साक्षीला जाते. चंद्रपूरला गेलं की बाजारातून चांगला हिंग घेऊन येते.

*

तिघांना गावाकडच्या बसमध्ये बसवून दिलं. प्रेमिलानं शिदोरी बांधून दिली. रंजीता पाया पडायला वाकली तेव्हा प्रेमिलानं तिला मधेच धरलं.

"पाया नोको पडू वो. मले लाज वाटते."

"बाई, तुमी... एकट्या," रंजीता शब्द शोधत म्हणाली. "चादरी... खूप."

"आमी आहो ना दोघं."

मॅनेजरनं शब्द पाळला. दुसऱ्या दिवसापासून रिसॉर्टचे गठ्ठे यायचे थांबले. तारा मोकळ्या झाल्या. बांबूंवर कावळे बसू लागले. इस्तारीनं जाळं काढलं आणि पहाटेच्या धुक्यात डोंगा घेऊन तलावात जाऊ लागला. थंडीत मासा खोल जातो, हाताला फार लागत नाही. गावात कोणी म्हणालं, केलं ते चांगलं केलं. कोणी म्हणालं, आपल्या हातानं आपलं पोट मारलं. प्रेमिलानं दोन्ही ऐकून घेतलं. दुपारी हात रिकामे असले की ती मशीन पुसायची.

घरात पाहुणे ठेवणारे लोक गावात होते, दोन-दोन खोल्यांचे. ते चादरी घरच्या घरी धुवायचे. त्यातला एक भैयाजी, पोटावर बनियन चढवलेला, लोकांच्या कामात नाक खुपसणारा माणूस, एका दुपारी गठ्ठा डोक्यावर घेऊन फाटकात उभा राहिला.

"बायको मनते, कंबर दुखते," तो म्हणाला. "अन् मी धुतल्या तर पाहुना मनते, चादरीवर ढग काऊन आहेत."

त्याच्या मागून दुसरा आला, मग तिसरा. खळ्यावर धान चुरून झालं आणि बायाही परतल्या. मोठ्या रिसॉर्टचे गठ्ठे पुन्हा आले नाहीत, पण आडवाटेवरच्या एका लॉजचे आले. माघात उन्हाला धार आली आणि चादरी तासाभरात कडकडीत वाळू लागल्या. प्रेमिलाच्या भेगा भरल्या. इस्तारीला आता कोणी रिसॉर्टच्या गेटवर म्हणायचे तसं 'ए चादरवाला' म्हणत नव्हतं, कारण लॉजवाला त्याच्या ओळखीचा होता आणि मासे घ्यायचा.

एकदा भैयाजी कुजबुजत आला. एक माणूस खोल्या झाडायला पोरं देतो म्हणतो, पगार आपल्याच हाती मागतो. घ्यावी का?

"पगार ज्याचा त्याच्या हाती द्याचा," प्रेमिला म्हणाली. "कार्ड कोनाजवळ आहे ते पोराईले एकट्यानं विचार. तो मानूस उभा असतानी नोको विचारू. अन् पोरगा पानी प्याले परवानगी मागत असन, तर समज."

"का समज?"

"का उत्तर भेटलं ते मले येऊन सांग, मंग सांगतो."

भैयाजीनं पोरं घेतली नाहीत. तो माणूसही पुन्हा दिसला नाही.

*

रंजीता आणि कोलू आले नाहीत. फोन आला होता. कोलूनं रोजगार हमीच्या बांधाच्या कामावर हजेरी लावली होती, आई हिंडू-फिरू लागली होती, आणि रंजीताला दिवस गेले होते. फोनवर ती आता चांगलं लांबलचक बोलायची. शब्द चुकायचे, पण थांबायची नाही.

नंदिनी मात्र आली. फाल्गुनात, पळस फुलले होते तेव्हा, एकटीच बसमधून उतरली. पिशवी खांद्याला, पायात नवे सँडल.

"जोहार, बाई. काम आहे का?"

"आहे."

"पगार माझ्या खात्यात. रविवारी सुट्टी. अन् राहन मी इंदुताईच्या बाजूच्या खोलीत, इथी नाई. बोलून आली मी त्याईच्याशी."

"अवो, आधी पानी तर पी!"

"प्याली, स्टँडवर," नंदिनी म्हणाली आणि बाह्या वर करून इस्त्रीपाशी गेली.

तिच्याशी काम करणं सोपं नव्हतं. तोंडाळ होती. इस्त्रीचं टेबल उंच आहे, पाठ दुखते, म्हणाली. इस्तारीला ते कापून बुटकं करावं लागलं. सोड्यात हात घालायला रबरी मोजे पाहिजेत, म्हणाली. तेही आले, आणि मग सगळ्याच बायांना पाहिजे झाले. भाजीत मीठ कमी असलं तर तोंडावर सांगायची. बाया म्हणायच्या, "डोक्यावर बसवून ठेवली तू इले." प्रेमिला म्हणायची, "बसू दे, मानेले व्यायाम होते."

एका मंगळवारी दोघी लॉजच्या मोठ्या चादरींच्या घड्या घालत होत्या. डबलबेडची चादर एकट्या माणसाच्या हातात येत नाही. दोघींनी चार टोकं धरायची, ताणायची, झटकायची, मग चालत चालत एकमेकींकडं यायचं. उन्हात वाळलेल्या कापडाचा वास सुटला होता. गठ्ठा अर्धा व्हायचा होता, इस्तारी ऑटो लावून वाट बघत होता. तेवढ्यात रस्त्यावरून बाजाराला निघालेल्या पोरींनी हाक मारली, "नंदे, येतं का? बांगड्यावाला आला आहे!"

"आली!" नंदिनी ओरडली. चालत प्रेमिलापाशी आली, आपल्या हातातली दोन्ही टोकं तिच्या हातात कोंबली आणि सँडल घालू लागली.

"अवो, कुठी चालली? गाडी भराची आहे! नंदिनी! एवढ्या घड्या कोन करन? ए नंदिनी!"

नंदिनी फाटकातून बाहेर पडली होती. तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. पोरींच्या घोळक्यात शिरली, कोणाच्या तरी खांद्यावर हात टाकला आणि रस्त्याच्या मधोमध हसत चालू लागली.

प्रेमिला चारही टोकं हातात घेऊन, चादरीच्या ढिगात उभी राहिली. "मस्ती चढली आहे! येऊ दे परत, पाहतोच मी इले!" ती जोरजोरानं बोलत होती. घोळका वळणापलीकडं दिसेनासा होईपर्यंत बोलत राहिली. मग तिचं तिलाच हसू फुटलं, आणि ते काही केल्या आवरेना.

"अवो, आयकता का?" तिनं नवऱ्याला हाक मारली. "उतरा खाली. दोन टोकं धरा इकडून."

इस्तारी ऑटोतून उतरला, हात पँटला पुसले आणि चादर धरली.